मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लहान मुलांत काचबिंदू : खान्देशात कुणाच्या घरी अनुभव आहे का?

अनेरकाठ (शिरपूर तालुका)

नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन महिन्यांची असताना दोन्हींचं ऑपरेशन झालं. तेव्हा भिंग बसवलं नाही, जाड काचांचा चष्मा दिला. भिंग पुढे चौथ्या वर्षी बसवलं. आता शाळेत पहिल्या बाकावर बसते, वाचते, रांगोळीचे ठिपके न चुकता जोडते. आमच्या लेखी ते प्रकरण मिटलेलं होतं.

गेल्या आठवड्यात धुळ्याला तपासायला नेलं तर डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा दाब वाढलाय. उजवा २८, डावा ३०. काचबिंदू. सकाळ-संध्याकाळ टाकायला ड्रॉप दिलेत आणि मुलांच्या काचबिंदूचं काम करणाऱ्या मोठ्या ठिकाणी एकदा दाखवून या म्हणाले. पोरीला त्रास म्हणाल तर काहीच नाही. डोळा लाल नाही, पाणी नाही, दुखणं नाही.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाच्या डोळ्याला तेव्हा हात लावायलाच नको होता. मिस्टर म्हणतात, मशीनच चुकलं असेल. मला एवढंच विचारायचंय की लवकर ऑपरेशन केल्यामुळे हे झालं का? आणि आता ड्रॉपवर भागतं की पुन्हा चिरफाड? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. कापूस वेचणी तोंडावर आहे, मुंबईला जायचं तर आधीच ठरवावं लागेल.

पोऱ्याना_बाप (साक्री)

ताई, आमना पोऱ्याले बी हाऊच तरास शे. घाबरू नका, पन ड्रॉप सोडू नका.

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. मुलगा आता नववीत. एकाच डोळ्यात मोतीबिंदू होता, तीन महिन्यांचा असताना काढला. पहिलीत जायच्या सुमारास दाब वाढलेला सापडला. त्यालाही काही त्रास नव्हता, अंगणात क्रिकेट खेळायचा. आधी एक ड्रॉप, मग दोन, मग तीन. तिसऱ्यानंतरही दाब खाली येईना तेव्हा नळी बसवली. आज तो डोळा चष्मा लावून फळ्यावरचं मोठं अक्षर वाचतो. दुसरा डोळा धडधाकट आहे म्हणून त्याचं अडत नाही. तुमच्या मुलीचे दोन्ही डोळे आहेत, म्हणून तुम्ही जास्त काटेकोर राहा एवढंच सांगेन.

सरळसोट

दोन महिन्यांच्या बाळाचं ऑपरेशन? आणि वर काचबिंदू? ताई, सगळे कागद घ्या आणि ग्राहक मंचात केस टाका. पैशासाठी काहीही करतात हे लोक.

डॉ_सातपुडा (नंदुरबार)

मी डोळ्यांचाच डॉक्टर. ताईंच्या मुलीला तपासलेलं नाही, म्हणून तिच्या डोळ्यांबद्दल निकाल देणार नाही. आजाराबद्दल मात्र लिहितो, कारण सरळसोट यांचं वाचून उद्या एखादा बाप बाळाचं ऑपरेशनच टाळेल.

बाळाच्या डोळ्यात जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर मेंदूपर्यंत चित्रच पोचत नाही. पाहायला मेंदू शिकतो तो या पहिल्या काही महिन्यांत. ती वेळ गेली की नंतर कितीही सुंदर ऑपरेशन करा, डोळा आळशी तो आळशीच. म्हणून एका डोळ्यात मोतीबिंदू असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांचं असताना, दोन्हींत असेल तर सहा ते आठ आठवड्यांचं असताना ऑपरेशन करतात. ताईंच्या मुलीचं अगदी वेळेत झालंय. ती दुसरीत वाचतेय ते त्याच ऑपरेशनमुळे.

आता दुसरी बाजू. जितक्या लहान वयात ऑपरेशन तितका पुढे काचबिंदूचा धोका जास्त, हेही तितकंच खरं आहे. त्यातही पहिल्या चार आठवड्यांच्या आत केलं तर अधिक, म्हणून त्याहून घाई सहसा करत नाहीत. बुबुळ मुळातच लहान असेल, आईला गरोदरपणात रुबेला झाला असेल, डोळ्यात जन्मापूर्वीच्या रक्तवाहिन्या तशाच राहिल्या असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणजे सासूबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. न करता बसला असतात तर काचबिंदूचा धोका कमी झाला असता आणि नजर हमखास गेली असती.

अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांवर मोठा अभ्यास झाला. सगळ्यांचं ऑपरेशन सात महिन्यांच्या आत झालेलं. काचबिंदूचं प्रमाण पहिल्या वर्षाअखेर ९ टक्के, पाच वर्षांनी १७, दहा वर्षांनी २२. ‘संशयित’ म्हणून ज्यांच्यावर लक्ष ठेवावं लागलं ती मुलं धरली तर दहा वर्षांनी ४० टक्के. हा आकडा कुठे येऊन थांबला नाही, वाढतच गेला, तेवढं ध्यानात ठेवा. पाच वर्षं दाब चांगला निघाला म्हणून सहाव्या वर्षी सुट्टी घेता येत नाही. आणि हे सगळं नीट केलेल्या ऑपरेशननंतरचं आहे, सरळसोट. ही केस टाकण्याची गोष्ट नव्हे.

केळीवाला (रावेर)

डॉक्टरसाहेब, मोतीबिंदू काढला की दाब का वाढावा? म्हणजे भिंगच काढलं, मग उलट जागा मोकळी झाली ना?

डॉ_सातपुडा

प्रश्न रास्त आहे. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला, आतल्या कोपऱ्यात जी बारीक जाळी असते तिच्यातून ते बाहेर पडतं. तुमच्याकडे ठिबकचा फिल्टर चोंदला की मागे दाब चढतो, तसंच. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दाब वाढला तर बहुधा तो कोपरा सुजेमुळे चिकटून बंद झालेला असतो. पण वर्षांनी येणाऱ्या काचबिंदूत कोपरा उघडा दिसतो आणि तरी निचरा होत नाही. का, याची कारणं बरीच सांगितली जातात. कोवळ्या वयात त्या जाळीची वाढ पूर्ण झालेली नसते, भिंगाचे उरलेले कण सूज आणतात, भिंग गेल्याने जाळीला मिळणारा ताण जातो. बहुतेक जण यातल्या एकापेक्षा जास्त कारणांना जबाबदार धरतात.

आणखी एक. ‘तेव्हाच भिंग बसवलं असतं तर काचबिंदू टळला असता’ असं ताईंना कुणीतरी नक्की ऐकवेल. पूर्वी डॉक्टरांनाही तसं वाटायचं, कारण भिंग बसवलेल्या मुलांत काचबिंदू कमी दिसायचा. पण ती मुलं मुळात वयाने मोठी असायची. वर सांगितलेल्या अभ्यासात निम्म्या बाळांना भिंग बसवलं, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. काचबिंदूत फरक पडला नाही. उलट भिंग बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं.

निरोगी_नयन

सर्वांना नम्र विनंती, इंग्रजी औषधांच्या नादी लागू नका. आमच्याकडे काचबिंदू मुळासकट घालवणारा मधयुक्त अर्क मिळतो. लहान मुलांनाही चालतो. संपर्कासाठी खाली

मंच-चालक

वरच्या प्रतिसादातला नंबर काढला आहे. पुन्हा जाहिरात दिसली तर खातं बंद होईल. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी, कुठलाही अर्क टाकू नये. यावर चर्चा नको.

भुसावळकर_चष्मेवाला

मी ऑप्टोमेट्रिस्ट. ताई, तुमच्या मुलीला त्रास नाही यात नवल काहीच नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर डोळा ताणला जातो. बुबुळ मोठं दिसायला लागतं, पारदर्शक भाग धुरकट होतो, पाणी गळतं, उजेडात बाळ डोळे मिटून आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. लोक म्हणतात, काय टपोरे डोळे आहेत! वयाच्या दोन-तीन वर्षांनंतर मात्र डोळ्याची भिंत तितकी ताणत नाही आणि दाब मुकाट्याने नस, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नजरेची नस, खात बसतो.

माझ्या खुर्चीवर त्याची एक खूण दिसते. ज्या मुलांच्या डोळ्यात भिंग नसतं त्यांना अधिक १५, अधिक १८ असा जाड नंबर असतो. मूल वाढतं तसा डोळा लांबतो आणि हा नंबर हळूहळू उतरतो, ते नैसर्गिकच आहे. पण अधिक १८ चा काही महिन्यांत अधिक १२ झाला तर मला धडकी भरते. आई-बाप मात्र पेढे घेऊन आलेले असतात, ‘सर, नंबर उतरला!’ दाबामुळे डोळा आतून फुगून लांबत असेल तरी नंबर असाच उतरतो. भिंग बसवलेल्या मुलांत हेच उणे नंबर भराभर वाढण्याच्या रूपात दिसतं. तेव्हा चष्म्याचे जुने कागद फेकू नका. दुकान बदललं तरी जुन्या नंबराची चिठ्ठी नव्या दुकानात दाखवा, आणि नंबर अचानक बदलला तर काच बदलायच्या आधी दाब मोजून घ्या. चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नंबर निघतो, दाब निघत नाही. लोकांना वाटतं त्यात सगळं आलं.

अनेरकाठ

बापरे. आमच्या पोरीचा नंबर या वर्षात दोनदा बदलला. भिंग बसवल्यावर जवळजवळ शून्य होता, आता उणे साडेतीन आहे. मोबाईल बघते म्हणून झाला असं सगळे म्हणत होते.

मिस्टरांना वरचं सगळं वाचून दाखवलं. ते अजून मशीनवरच अडलेत. एका दवाखान्यात २८ आणि दुसरीकडे २२ असं येऊ शकतं का?

डॉ_सातपुडा

येऊ शकतं, आणि मिस्टरांची शंका वेडी नाही. दाब साधारण १० ते २१ या दरम्यान असावा. पण मूल रडलं, डोळे घट्ट आवळले, डॉक्टरने पापण्या जोरात फाकवल्या तर आकडा वर जातो. दुसरं, भिंग काढलेल्या मुलांचं बुबुळावरचं पारदर्शक पटल बरेचदा जाड असतं. सामान्य डोळ्यात ते ५४० मायक्रॉनच्या आसपास, या मुलांत सहाशेच्या वर सर्रास दिसतं. जाड पटलावर यंत्र थोडा जास्त आकडा दाखवतं. म्हणून जाडी मोजून घ्या.

पण जाडी जास्त निघाली म्हणून ‘चला, काचबिंदू नाही’ असंही होत नाही. तीसमधून ठरावीक आकडा वजा करायचं कोष्टक मुलांसाठी भरवशाचं नाही. एकट्या आकड्यावर काचबिंदू ठरतही नाही. दाब, नसेतला खड्डा (नस झिजली की तो मोठा होतो), बुबुळाचा आकार, नंबरातला बदल, मोठ्या मुलांत नजरेचं क्षेत्र (समोर पाहताना आजूबाजूचं किती दिसतं ते), यांतल्या निदान दोन गोष्टी जुळायला हव्यात. ताई, तुम्ही आता जे नंबराचं लिहिलंत ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मोजायला आता हातात धरायचं एक यंत्र येतं. बारीक टोक बुबुळाला टुक करून लागतं, मुलाला कळतही नाही, सुन्न करायचा थेंबही लागत नाही. सात वर्षांची मुलगी खुर्चीवर बसून सहज मोजू देईल. अगदी लहान मुलांना भूल देऊन तपासावं लागतं. त्या वेळी दाबासोबत बुबुळाचा व्यास, डोळ्याची लांबी, नस हे सगळं एकदमच पाहून होतं. भुलीचं नाव काढलं की घरचे बिथरतात, पण त्या तपासणीला पर्याय नसतो.

चोपडेकर_माय

माझी मुलगी पाच वर्षांची, दोन प्रकारचे ड्रॉप चालू आहेत. डॉक्टरांनी लिहिलंच आहे, मी घरातलं लिहिते.

रोज रात्री टाकायचा एक ड्रॉप असतो, लॅटानोप्रॉस्ट. आमची बाटली न उघडलेली असताना फ्रीजमध्ये ठेवायची, उघडल्यावर २५ अंशांच्या खाली ठेवून सहा आठवड्यांत संपवायची, असं खोक्यावर छापलेलं आहे. आता तुम्हीच सांगा, वैशाखात आपल्याकडे ४४-४५ अंश असताना घराचा कुठला कोपरा पंचविसाच्या खाली असतो? म्हणून मी उघडलेलीही फ्रीजच्या दारातच ठेवते. बर्फाच्या कप्प्यात नाही. लाइट गेली तरी दार उघडायचं नाही. लग्नाला, माहेरी, शेतात मुक्कामाला जाताना रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये खाली ओला नॅपकिन, वर प्लास्टिकच्या डबीत बाटली. काही कंपन्यांच्या बाटलीला फ्रीज लागत नाही, म्हणून आधी खोका वाचा. आणि मेडिकलवाल्याने उन्हात आलेलं पार्सल तुमच्यादेखत उघडलं तर ती बाटली घेऊ नका.

टाकायची पद्धत सांगते. मुलीला मांडीवर आडवी घ्यायची, खालची पापणी बोटाने ओढली की खोबण तयार होते, तिच्यात एकच थेंब. दोन टाकले तर एक गालावरून वाहून जातो, बाटली लवकर संपते, बाकी काही नाही. मग डोळा मिटवून नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर बोट दोन मिनिटं दाबून धरायचं. नाहीतर औषध नाकातून घशात आणि तिथून रक्तात जातं. आम्ही त्या दोन मिनिटांत एक गाणं म्हणतो. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

डॉ_सातपुडा

चोपडेकर ताईंनी लिहिलंय त्यातलं बोट दाबणं फार महत्त्वाचं. टिमोलॉल नावाचा ड्रॉप आहे, स्वस्त आणि चांगला, पण रक्तात गेला तर दम्याच्या मुलाला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते. मुलाला दमा असेल, सर्दीत छाती वाजत असेल तर ड्रॉप लिहून घ्यायच्या आधीच सांगा.

दुसरं तर मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. घरात आजोबांनाही काचबिंदू असतो. ‘आजार एकच, बाटली एकच’ म्हणून आजोबांची बाटली नातवाला टाकू नका. मोठ्यांच्या कितीतरी ड्रॉपमध्ये ब्रिमोनिडीन असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ते मुळीच द्यायचं नाही. मूल गुंगीत जातं, श्वास थांबू शकतो. दोनच्या वरच्या लहानग्यांतही जपून.

तिसरं, आपल्याकडच्या उन्हाळ्यातलं. धुळीने, उन्हाने मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. मेडिकलवाला स्टेरॉइडचा ड्रॉप काढून देतो. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. मग दर उन्हाळ्यात तीच बाटली. स्टेरॉइडने दाब वाढतो, लहान मुलांत तर अधिकच, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मुलाला ते परवडणारं नाही. ऑपरेशननंतर आम्हीच स्टेरॉइड देतो, पण मोजून आणि लक्ष ठेवून. मेडिकलवर ‘मुलाचं भिंगाचं ऑपरेशन झालंय’ हे वाक्य बोलायची सवयच लावून घ्या.

केळीवाला (रावेर)

आमच्या पुतण्याला हेच दिलेलं. चिठ्ठीशिवाय. उद्याच बघतो बाटलीवर काय लिहिलंय.

अनेरकाठ

साक्रीचे भाऊ, नळीबद्दल जरा सविस्तर सांगाल का? धुळ्याच्या डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि माझं पुढचं लक्षच उडालं.

पोऱ्याना_बाप (साक्री)

सांगतो ना. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, वरच्या पापणीखाली एक पातळ चकती शिवतात. तिला केसासारखी नळी असते, तिचं टोक डोळ्याच्या आत. आतलं पाणी नळीतून चकतीपाशी येतं आणि तिथं जिरतं. बाहेरून दिसत नाही, पापणी उचलली तरच दिसतं. परदेशी नळीला व्हॉल्व, म्हणजे पाणी एकदम वाहू न देणारी झडप असते, ती महाग आहे. आमच्या मुलाला मदुराईच्या ऑरोलॅब कंपनीची बसवली, ती बरीच स्वस्त पडते. तिला व्हॉल्व नसतो, म्हणून पाणी एकदम वाहून डोळा मऊ पडू नये यासाठी नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून ठेवतात. तो दोरा सुटायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर ड्रॉप चालूच आणि दाबही वरच. आमच्या घरात त्या महिन्यात रोज भांडण, पैसे पाण्यात गेले म्हणून. दोरा सुटला आणि दाब ३४ वरून १६ वर आला. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असतं, पण त्या दिवशी डोक्यात काही शिरत नाही. सोबत घरातलं एक शांत डोक्याचं माणूस न्या.

आणि नळी बसली म्हणजे सुटलो असंही नाही. आमचा एक ड्रॉप अजून चालू आहे. डोळा चोळायचा नाही, तापीत-पांझरेत पोहायचं नाही, डोळा लाल झाला किंवा चिकटला तर त्याच दिवशी गाडी काढायची.

डॉ_सातपुडा

भर घालतो. सगळ्यांना नळीच लागते असं नाही. बऱ्याच मुलांचं वर्षानुवर्षं ड्रॉपवर भागतं. जन्मजात काचबिंदूत जी कोपरा उघडायची ऑपरेशनं छान चालतात, ती या प्रकारात तितकी साथ देत नाहीत. म्हणून ड्रॉप कमी पडले की पुष्कळ ठिकाणी नळीकडे वळतात. जिथे नजर फारशी उरलेली नसते तिथे लेसरने पाणी तयार करणारा भाग थोडा जाळतात. आणि गेलेली नस कशानेही परत येत नाही. उपचार उरलेली वाचवायला असतात.

बाराखडी_बाई (अमळनेर)

मी प्राथमिक शिक्षिका. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. पालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणून बरं झालं. खिडकीसमोर बसवलं की त्याला फळा चकाकायचा, मग भिंतीकडची जागा दिली. मैदानावर टोपी, आणि क्रिकेटचा कडक चेंडू नाही. चष्मा न फुटणाऱ्या प्लास्टिकचाच घ्या, काचेचा नको. दुपारचा ड्रॉप असेल तर बाईंना लेखी द्या, आम्ही टाकू.

शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे आणि ते पुढे जिल्ह्याला पाठवतात. पण पथक दाब मोजत नाही. ‘शाळेत तपासणी झाली की’ असं म्हणून पालक पुढची तारीख बुडवतात, हे मी पाहिलंय. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला ऑपरेशनचं नाव लिहिलेला कागद दाखवून आधीच विचारा. रेशन कार्ड, आधार मूळ प्रत न्या.

अनेरकाठ

मंडळी, मुंबईला जाऊन आलो. सांगायचं राहिलं होतं.

पोरीने दाब अगदी हसत मोजू दिला. ड्रॉप चालू असताना उजवा २०, डावा २६. पटलाची जाडी ६१० च्या पुढे निघाली, तेव्हा मिस्टरांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण नसेचे फोटो काढले, डाव्या नसेतला खड्डा उजवीपेक्षा स्पष्ट मोठा दिसतो. स्क्रीनवर दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवलं, तेव्हा ते गप्प झाले. परतीच्या गाडीत तेच मला ड्रॉपच्या वेळा विचारत होते.

दुसरा ड्रॉप वाढवलाय, सहा आठवड्यांनी परत. डावा खाली आला नाही तर नळीचा विचार करू म्हणाल्या डॉक्टर. मधल्या काळात दाब धुळ्याला मोजून फोटो पाठवला तरी चालेल असंही ठरवून दिलं, तेवढी धावपळ वाचली.

कामाला आला तो ट्रंकेतला जुना कागद. दोन महिन्यांच्या वयात भूल देऊन तपासलं तेव्हाचा बुबुळाचा व्यास आणि दाब त्यावर लिहिलेला होता. डॉक्टर म्हणाल्या, हे सहसा कुणी आणत नाही. सासूबाईंनी तो पत्रिकेच्या पिशवीत जपून ठेवलेला!

नवा_बाबा (यावल)

मी आजवर नुसता वाचत होतो. आमचं बाळ सात आठवड्यांचं आहे. दोन्ही डोळ्यांत पांढरं दिसतं. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलंय. हा धागा वाचून घरात सगळे म्हणताहेत, थांबू, मोठा झाल्यावर करू, काचबिंदूची भानगड तरी टळेल. काय करू?

अनेरकाठ

भाऊ, थांबू नका. माझी पोर आता शेजारी बसून गृहपाठ करतेय. वेळेत केलं नसतं तर फळा कुठे आहे हेही तिला कळलं नसतं. काचबिंदूवर ड्रॉप तरी आहेत.

डॉ_सातपुडा

यावलकर, सोमवारी जा. दोन-चार आठवड्यांच्या दिरंगाईचीही किंमत या वयात मोठी असते. ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेलीच असते, तेव्हा बुबुळाचा व्यास, डोळ्याची लांबी आणि दाब कागदावर लिहून द्या अशी विनंती करा. चष्मा किंवा लेन्स कधी मिळणार हे आधीच विचारा, कारण त्याशिवाय ऑपरेशनचा उपयोग नाही. पुढची दाब तपासणी कधी, तेही लिहून घ्या. आणि बाळाला जन्मतः मोतीबिंदू का झाला, याच्या रक्त-लघवीच्या तपासण्या सांगितल्या तर टाळू नका.

नवा_बाबा (यावल)

आई विचारतेय, बाळ उपाशी कसं राहणार? सकाळी नंबर लागेल म्हणालेत.

चोपडेकर_माय

भाऊ, अंगावरचं दूध साधारण चार तास आधीपर्यंत चालतं, वरचं दूध असेल तर सहा तास. पण तुमच्या भूलतज्ज्ञांची वेळ तीच खरी, ती आदल्या दिवशी विचारून घड्याळात गजर लावा. पहाटे बाळाला उठवून शेवटचं पाजायचं. आणि आजी सोबत असेल तर तिला बजावा, रडतं म्हणून कुणी चमचाभर घुटीसुद्धा द्यायची नाही.

नवा_बाबा (यावल)

गजर लावला. आईला सांगितलं.